ताकद कमी होते आहे, निदान झालेले नाही : जोडीदाराने काय करावे?

वस्तीत कोणाला ताप आला, पाय मोडला, साखर वाढली तर काय करायचे ते बहुतेक घरांना माहीत असते. पण धडधाकट माणसाचे हातपाय हळूहळू ऐकेनासे होतात, हंडा उचलत नाही, जिना चढवत नाही आणि डॉक्टर म्हणतात, "आत्ताच सांगता येत नाही, तपासण्या करू," तेव्हा घर गोंधळून जाते. आजाराला नाव नसले की लोक आपापली नावे देतात. कोणी अशक्तपणा म्हणतो, कोणी टेन्शन, कोणी कामचुकारपणा. आणि कोपऱ्यात कोणीतरी हळूच 'बाहेरचे' म्हणतो.

हे नाव नसलेले दिवस कधी दोन आठवडे चालतात, कधी सहा-आठ महिने. या वेळच्या आरोग्य पानावर त्याच दिवसांविषयी बोलू. ओपीडीतल्या डॉक्टरांना रुग्ण पाच मिनिटे दिसतो, जोडीदाराला रात्रंदिवस. निदानाला लागणारी बरीच माहिती जोडीदाराच्या डोळ्यांसमोर घडत असते आणि रुग्णाचे होणारे बरेच नुकसान टाळणेही त्याच्याच हातात असते.

थकवा वेगळा, कमजोरी वेगळी

"अंगात ताकदच नाही" असे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक असतो थकवा. काम करावेसे वाटत नाही, केले तर दम लागतो, पण नेट लावला तर भरलेली कळशी उचलली जाते. रक्त कमी असणे, क्षयरोग, मधुमेह, अपुरी झोप, मनाची उदासी यांत असे होते. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आढळतो, त्याच्या रुग्णालाही असा थकवा आणि अंगदुखी असते. दुसरी असते खरी कमजोरी. मनात कितीही असले तरी स्नायू ऐकत नाही, कळशी जागची हलतच नाही. हा फरक डॉक्टरांना नीट सांगता आला तर तपासाला पहिल्याच दिवशी दिशा मिळते.

मग पाहायचे की कमजोरी नेमकी कुठे आहे. खांदे आणि मांड्या यांचे मोठे स्नायू दुबळे झाले की शौचालयात उकिडवे बसलेला माणूस उठू शकत नाही. तो भिंत धरतो, मांडीवर हात टेकवत टेकवत स्वतःला वर ढकलतो. वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत टाकताना हात वर राहत नाहीत. माळ्याची शिडी आणि बसची पायरी अवघड होते. हातापायांच्या टोकांकडची ताकद गेली तर खुणा वेगळ्या दिसतात. पायातली चप्पल निसटते, पाऊल घासत पडते, सपाट रस्त्यावर ठेच लागते, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरत नाही.

तिसरा प्रकार दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. सकाळी बाई ठीक असते. संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलणे नाकातून येऊ लागते. थोडी विश्रांती घेतली की पुन्हा बरे. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजारात असे होते. डॉक्टर सकाळी दहाला पाहतात तेव्हा सगळे व्यवस्थित असते, म्हणून असा रुग्ण "काही झालेले नाही" हे ऐकून परत येतो. संध्याकाळी सात वाजता नवऱ्याने मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ अशा वेळी मोठ्या कामाचा असतो.

कारणे पुष्कळ आहेत आणि ती सगळीच घाबरवणारी नाहीत. थायरॉइड कमी झाले तरी स्नायू दुबळे होतात, वाढले तरी होतात. पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढणाऱ्या, ऊन न मिळणाऱ्या बायकांत ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडे दुखतात, उठणे जड जाते, चाल बदकासारखी होते. मटण, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच पोटात जात नसेल तर बी-१२ कमी पडून नसांवर परिणाम होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकते. उलट्या-जुलाबांनंतर पोटॅशियम उतरले तर हातपाय लुळे पडतात. ही कारणे साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि बहुतेकदा उपचाराने सुधारतात. बरीच वर्षे चाललेला मधुमेह आणि दारू हीदेखील नसांच्या दुबळेपणाची मोठी कारणे आहेत.

कुष्ठरोगाचे नाव इथे मुद्दाम घ्यायला हवे. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श कळत नाही आणि त्याच बाजूचा हात किंवा पाऊल दुबळे होते आहे, असे असेल तर लाजून घरी बसू नये. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. लपवल्याने मात्र वाकडी झालेली बोटे तशीच राहतात.

याशिवाय मणक्यात दबलेली नस, स्नायूंची सूज म्हणजे मायोसायटिस, घराण्यातून येणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, अशी कारणे आहेत. मोबाइलवर लक्षणे टाकून शोधले तर मोटर न्यूरॉन डिसीज हे सर्वांत भयानक नाव हटकून वर येते. तो आजार खरा आहे, पण दुर्मीळ आहे. रात्री दोन वाजता ते वाचून जोडीदाराला उठवण्यात अर्थ नाही.

इथे तारखेची वाट पाहायची नाही

काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचे नसते. त्याच तासाला १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जायचे असते.

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले तर तो पक्षाघात आहे असे धरून चालावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून केव्हा सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवा. "झोपू दे, सकाळी बघू" हे वाक्य माणसाला आयुष्यभर अंथरुणाला खिळवू शकते.

दोन-चार दिवसांत पायांपासून सुरू होऊन कमजोरी वर वर चढत असेल, आधी एक-दोन आठवडे जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल, तर गुलियन-बॅरे सिंड्रोम म्हणजे जीबीएसची शंका घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे पुष्कळ रुग्ण एकदम आढळले, तेव्हा हे नाव घराघरांत पोचले. यात श्वासाचे स्नायू अडकू शकतात, पण वेळेवर दाखल केले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

श्वासाकडे लक्ष ठेवायची एक सोपी रीत आहे. जोडीदाराला खोल श्वास घ्यायला सांगून एका श्वासात किती अंक मोजता येतात ते रोज त्याच वेळी पाहावे. निरोगी माणूस बहुधा तीसच्या पुढे सहज जातो. आकडा दिवसागणिक घसरत असेल किंवा विसाच्या खाली आला असेल, उताणे झोपल्यावर गुदमरत असेल, खोकला जोरात येत नसेल, स्वतःची थुंकी गिळता येत नसेल, तर लगेच निघावे. आकडा चांगला आहे पण माणूस गुदमरतो आहे, असे झाले तर आकड्यावर विसंबू नये.

पाठदुखीबरोबर दोन्ही पाय दुबळे होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येणे हीदेखील घाईचीच खूण. तशीच लघवी काळ्या चहासारखी होणे. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. मण्यार चावलेली अनेकदा कळतच नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. चावल्याची खूण शोधत बसू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नको. सापाच्या विषावरचे औषध ज्या सरकारी रुग्णालयात आहे तिथे थेट न्या.

आधी विश्वास ठेवा

बाहेरून काहीच दिसत नाही, हे या आजारांचे सर्वांत कठीण अंग आहे. प्लास्टर नाही, जखम नाही, तोंडावर तेज तसेच. मग सासूबाई म्हणतात, "आम्ही बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी पाणी भरत होतो." जाऊ म्हणते, "टीव्ही बघायला बरी ताकद असते." नवऱ्याच्या बाबतीत शेजारी म्हणतात, "बायकोच्या जिवावर बसून खातोय." यातले एकही वाक्य स्नायूला ताकद देत नाही. उलट माणूस दुखणे लपवायला शिकतो, न झेपणारे काम करायला जातो आणि पडतो.

जोडीदाराने घरातल्यांसमोर एकदा स्पष्ट सांगावे, "तिला जमत नाही हे मी बघितलंय, डॉक्टर तपासतायत, तोवर कोणी काही बोलायचं नाही." हे वाक्य नवऱ्याने आपल्या आईला सांगणे हे औषधाच्या गोळीइतकेच महत्त्वाचे आहे. बायकांच्या तक्रारीला 'मनाचे खेळ' म्हणायची सवय दवाखान्यांतही आहे. तिथे नवरा बरोबर उभा राहून "मागच्या वर्षी ही तीन घरची कामं करून यायची, आता एका घरचीही होत नाहीत" असे बोलला तर ऐकणाऱ्याचा सूर बदलतो. असा सूर बदलायला पुरुष लागावा ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण आज तसे आहे.

कधी सर्व तपासण्या होऊन डॉक्टर सांगतात की स्नायू आणि नसा शाबूत आहेत, मेंदूकडून येणारा हुकूम नीट पोचत नाही. याला फंक्शनल कमजोरी म्हणतात. हे ढोंग नव्हे. माणूस ते ठरवून करत नाही. फिजिओथेरपी आणि समुपदेशनाने यात सुधारणा होऊ शकते. "बघ, मी म्हटलं नव्हतं का" असे म्हणायची ती वेळ नाही.

वही घाला

शंभर पानी वही आणा. रोज दोन ओळी पुरतात. आज काय जमले नाही, किती वाजता, किती वेळा पडली किंवा तोल गेला. ठरावीक दोन-तीन कामे निवडून दर रविवारी तीच पाहा. खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढता येतात, भरलेला तांब्या खांद्याच्या वर नेता येतो का. चालताना, उठताना व्हिडिओ काढा, जोडीदाराला विचारून. महिन्यापूर्वीचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी ठेवला की डॉक्टरांना लगेच अंदाज येतो.

ओपीडीत जाण्याआधी या वहीतून अर्धे पान तयार करावे. "लई दिवसापासून होतंय" याने काही कळत नाही. तारखा आठवत नसतील तर आपल्या सणांच्या, दिवसांच्या खुणा धरा. उदाहरणार्थ असे लिहिता येईल: "वय ३८, घरकाम. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीन तास चालली, काही त्रास नव्हता. पावसाळ्यात माळ्याच्या शिडीवर हात टेकावे लागले. ६ डिसेंबरला दादर स्टेशनपासून चैत्यभूमीकडे जाताना चार वेळा बसली. आता खाली बसल्यावर आधाराशिवाय उठत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच. मुंग्या नाहीत, गिळायला त्रास नाही, पापण्या पडत नाहीत. मांड्या दुखतात. रक्तदाबाची गोळी चालू. मे महिन्यात गुडघ्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे तीन इंजेक्शने घेतली, नाव माहीत नाही." एवढे पान पुढे ठेवले की पाच मिनिटांतली चार वाया जात नाहीत.

दोन गोष्टी लोक सांगायचे टाळतात. एक, व्यसन. दारू किती, केव्हापासून, हे खरे सांगावे, तिथे पोलीस बसलेले नाहीत. दुसरी, नात्यातले लग्न. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्ने आपल्याकडे झालेली आहेत. आईवडील नात्यातले असतील, किंवा भावाला, मामाला असाच त्रास असेल, तर ते जरूर सांगावे. घराण्यातून येणाऱ्या आजाराचा धागा तिथेच सापडतो.

तपासण्या आणि त्यांच्यामधले दिवस

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करावी आणि मेंदू व मज्जातंतू विकारांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडे, चिठ्ठी मागावी. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. या रुग्णालयांत आणि नागपूरला शासकीय सुपरस्पेशालिटीत हा विभाग आहे. हाडांच्या डॉक्टरांकडे महिनोन् महिने पाठीचे शेक घेत बसण्यापेक्षा ही चिठ्ठी लवकर मिळालेली बरी.

रक्तात सीपीके नावाची तपासणी होते. स्नायू झिजत असले तर ती वाढते. पण जड काम केल्याने किंवा दंडात, कुल्ल्यात इंजेक्शन घेतल्यानेही वाढते, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस दोन्ही टाळावे आणि घेतले असेल तर सांगावे. ईएमजीमध्ये बारीक सुई स्नायूत घालून त्याची वीज मोजतात. दुखते, पण सोसण्याइतके. त्या दिवशी अंगाला तेल, क्रीम लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी बोलावे. बायोप्सीत स्नायूचा छोटा तुकडा काढतात. "तुकडा काढला की पाय कायमचा जातो" ही अफवा आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला की घरात दोन प्रतिक्रिया होतात. काहीजण पेढे वाटतात, काहीजण रागावतात की पैसे वाया गेले. खरे म्हणजे एक नॉर्मल रिपोर्ट म्हणजे एक दार तपासून बंद केले, एवढेच. सुरुवातीच्या दिवसांत काही तपासण्यांत आजार दिसतच नाही, काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, कोणता आजार नाही हे यातून कळलं? पुढे काय बघायचं? वाढलं तर तारखेआधी कुठं यायचं?" ही उत्तरे तिथेच वहीत उतरवा.

वाट पाहून माणूस कंटाळतो आणि मग 'लगेच गुण येणाऱ्या' औषधाकडे वळतो. धोका इथे सर्वांत जास्त आहे. नाव नसलेल्या पुड्या, चिठ्ठीशिवाय मिळालेल्या पांढऱ्या गोळ्या, 'ताकदीचे' इंजेक्शन यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते. पण स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्याने मांड्यांचे स्नायू स्वतःच दुबळे होतात, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय स्नायूंना सूज असेल तर ती झाकली जाते आणि बायोप्सीत काही सापडत नाही. आधीपासून घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, तेही जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना पुडी दाखवा. मायस्थेनियाच्या रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी साधी वाटणारी अँटिबायोटिक्ससुद्धा त्रास वाढवू शकतात, म्हणून निदान होईपर्यंत मेडिकलवाल्याला विचारून औषध घेणे बंद. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. तीही यादीत लिहा, पण मनाने थांबवू नका.

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पाठीवर पाय देणे, मान मोडणे, हाडवैद्याकडून मणका 'बसवणे' नको. मणक्यातली नस दबलेली असेल तर एका झटक्यात दोन्ही पाय जाऊ शकतात. आणि करणी, भानामती काढणाऱ्यांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायची गरज पडू नये. पण आजार लांबला की शिकलेली घरेही चोरून जातात, हे वस्तीत सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा माणसाला दिलेले पाच हजार म्हणजे रुग्णालयाच्या कितीतरी फेऱ्यांचे भाडे.

घरात काय बदलावे

पडलेल्या माणसाला उचलताना आपण दंडाला धरून ओढतो. दुबळ्या स्नायूंचा खांदा त्याने निखळू शकतो. कमरेभोवती जाड ओढणी किंवा रुंद पट्टा बांधा, तो धरून, आपले गुडघे वाकवून, "एक, दोन, तीन" म्हणत बरोबर उठा. आधी तिला विचारा, कुठे धरू? मदत करायची पद्धत तिने ठरवावी.

जमिनीवरचे अंथरूण उठायला सर्वांत अवघड. खाटेखाली विटा देऊन ती गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी वर आणा. मोरीत प्लास्टिकचे स्टूल ठेवा, भिंतीला पकडायला लोखंडी नळी ठोका, ओली लादी पुसून घ्या. भरलेला कुकर आणि उकळते तेल उचलण्याचे काम दुसऱ्याने करावे. शिडी, पत्रा, परांती, रिक्षा यांवर काम करणाऱ्याने निदान होईपर्यंत खालचे काम मागून घ्यावे.

सार्वजनिक शौचालय हा मोठा प्रश्न आहे. उठता येत नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने बद्धकोष्ठ होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि अशक्तपणा वाढतो. कमोडची खुर्ची आणावी, रात्रीपुरते घरात भांडे ठेवावे आणि ते नवऱ्याने स्वच्छ करावे. त्यात कमीपणा मानणाऱ्याने बायकोने आजवर कोणाकोणाचे काय काय साफ केले ते आठवावे.

गिळताना ठसका लागत असेल तर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन लहान घास द्या, खाताना बोलायला लावू नका. कोरड्या भाकरीपेक्षा मऊ भात, दाट वरण, अंडे, शिजवून काटे काढलेला मासा बरा. ठसका रोजचा झाला तर डॉक्टरांना तारखेआधी दाखवा. हालचाल पूर्ण बंद करू नका, पडून राहिल्यानेही स्नायू जातात. जमेल तेवढे चालावे. दुसऱ्या दिवशी कमजोरी वाढली तर काल जास्त झाले असे समजावे. जिममधला व्यायाम मनाने सुरू करू नये.

जे तिला जमते ते तिला करू द्या. बसून भाजी निवडणे, हिशेब, मुलांचा अभ्यास. सगळे हातातून काढून घेतले की माणूस खचतो.

आणि एक गोष्ट ठामपणे. आई आजारी पडली की घरातल्या मोठ्या मुलीची शाळा सुटते. आधी चार दिवस, मग परीक्षेपुरती, मग कायमची. हे आपल्या घरात होऊ देऊ नका. पाणी भरणे, स्वयंपाक, धुणे यांची वाटणी नवरा, मुलगा, मुलगी, दीर अशी सर्वांत करा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. पुरुषाला भात लावता येत नसेल तर तो शिकायला दोन दिवस लागतात. मुलीचे वाया गेलेले वर्ष परत आणायला किती लागतात ते आपण पाहिलेले आहे. मुलांपासून आजार लपवूही नका. "आईच्या हातापायांत ताकद कमी झालीय, डॉक्टर कारण शोधतायत" एवढे खरे त्यांना पेलते.

विहार समितीला आणि महिला मंडळालाही इथे काम आहे. वीस जणांनी भेटायला येऊन वीस सल्ले देण्यापेक्षा दोघांनी आठवड्याचा एक डबा आणि एकाने रुग्णालयाची एक फेरी वाटून घेतली तर सांभाळणाऱ्याची मजुरी बुडत नाही. सांभाळणारा माणूसही थकतो, चिडतो, रात्री झोपत नाही. मन फारच खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

खर्च आणि कागद

निदानाआधी कर्ज काढू नका. खासगी ठिकाणी महागडी तपासणी सांगितली तर विचारा, "हिच्यामुळं उपचारात काय बदल होईल? सरकारीत होते का?" राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत, तिथले दर वेगळे असले तरी खासगीपेक्षा फार कमी आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

पगारातून ईएसआय कापले जाते का ते पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला, कंत्राटी असला तरी, यात येऊ शकतो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. त्यासाठी ईएसआय डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून "आधी बरा होतो, मग कागद करतो" असे करू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा, १९४३ साली, प्रा. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगण्यात आले. १९४८ च्या कायद्याचा पाया तिथे आहे. आपल्या वस्तीतले कितीतरी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार ही वर्गणी भरतात आणि कार्ड ट्रंकेत ठेवून खासगीत पैसे मोजतात. नाक्यावरच्या बांधकाम कामगारांनी वर्षात ९० दिवस कामाचा दाखला घेऊन मंडळात नोंदणी केलेली असावी, गंभीर आजाराला तिथे अर्थसाह्य आहे.

केसपेपर, रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गळके छप्पर असेल तर फाइल प्लास्टिकच्या पिशवीत. पुढे आजार कायमचा निघाला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र काढताना हीच फाइल लागते. निदान होऊन औषध सुरू झाले तरी वही बंद करू नका. खुर्चीतून उठण्याची, पायऱ्यांची तीच रविवारची पाहणी चालू ठेवा. औषध लागू पडते आहे की बदलायला हवे, हे पुढच्या तारखेला डॉक्टर त्या आकड्यांवरूनही ठरवतील.